विश्लेषण : वरचा मजला थंड कसा ठेवायचा? पॅरिसमध्ये चुकलेले ल कॉर्बुझिए अहमदाबादमध्ये काय शिकले?

मे महिन्यातली रात्र. अकरा वाजून गेले आहेत, बाहेर जरा वारा सुटला आहे. पण शेवटच्या मजल्यावरच्या खोलीत पंखा लावला की डोक्यावर गरम हवाच येते. भिंतीला हात लावला तर कोमट, वरच्या स्लॅबला लावला तर त्याहून गरम. खालच्या मजल्यावरचे शेजारी मात्र निवांत झोपलेले असतात. हा अनुभव आज शहरातल्या लाखो घरांचा आहे. सिमेंट-काँक्रीटची सपाट गच्ची जगभर ज्यांच्यामुळे लोकप्रिय झाली, त्या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या फ्रेंच वास्तुकाराला हा प्रश्न चांगलाच छळून गेला होता. त्याचे नाव ल कॉर्बुझिए. चंडीगडचे शिल्पकार म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. पण उन्हापुढे ते एकदा सपशेल हरले होते आणि पुढची तीस वर्षे त्या पराभवातून शिकत राहिले, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नसते.

वरचाच मजला इतका का तापतो?

उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे घराच्या भिंतींपेक्षा कितीतरी जास्त ऊन गच्चीवर पडते. काँक्रीट ही उष्णता लगेच आत सोडत नाही. ते दिवसभर ती पीत राहते आणि काही तासांनी खालच्या बाजूने सोडू लागते. म्हणूनच दुपारी दोनपेक्षा रात्री नऊला वरची खोली अधिक असह्य वाटते. तापलेला स्लॅब केवळ हवा गरम करत नाही, तर चुलीसारखी धग थेट अंगावर सोडतो. पंखा हवा हलवतो, पण ही धग कमी करू शकत नाही. म्हणजे खरा उपाय खोलीत नाही, स्लॅबच्या वर आहे. ऊन स्लॅबपर्यंत पोहोचूच द्यायचे नाही, हा तो उपाय.

ल कॉर्बुझिए कोण होते?

त्यांचे खरे नाव शार्ल-एदुआर जानरे. जन्म ६ ऑक्टोबर १८८७, स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या गावी. हे गाव घड्याळांसाठी प्रसिद्ध. वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मीनाकाम करीत, आई संगीत शिकवी. मुलगाही गावच्या कलाशाळेत घड्याळाच्या केसवर नक्षी कोरायला शिकला. तिथले शिक्षक शार्ल लेप्लातनिए यांनी त्याला वास्तुकलेकडे वळवले. त्यानंतरचे शिक्षण कामातून झाले. पॅरिसमध्ये ओग्युस्त पेरे यांच्याकडे त्यांनी पोलाद घातलेले काँक्रीट पाहिले, बर्लिनमध्ये पेटर बेहरेन्स यांच्याकडे कारखान्यांची वास्तुकला पाहिली. १९११ मध्ये पूर्व युरोप, तुर्कस्तान आणि ग्रीसचा लांब प्रवास केला. १९१७ मध्ये ते पॅरिसला स्थायिक झाले आणि १९२० पासून ल कॉर्बुझिए या टोपणनावाने लिहू लागले. तेच नाव पुढे जगाने लक्षात ठेवले.

छपरावर बाग, ही कल्पना कुठून आली?

१९२३-२४ मध्ये त्यांनी आईवडिलांसाठी जिनिव्हा सरोवराच्या काठी कोर्सो येथे छोटेसे घर बांधले. त्याच्या सपाट छपरावर माती घालून गवत वाढू दिले. त्यामागे हौस कमी आणि हिशेब जास्त होता. काँक्रीट उन्हात प्रसरण पावते, थंडीत आकुंचन पावते आणि या ओढाताणीत त्याला तडे जातात. वर ओलसर मातीचा थर असेल तर स्लॅबचे तापमान फारसे हलत नाही. माती ऊन झेलते, गवत सावली धरते आणि त्यातून उडणारे पाणी थंडावा देते.

१९२७ मध्ये त्यांनी नव्या वास्तुकलेची पाच सूत्रे मांडली. खांबांवर उचललेले घर, मोकळी अंतर्गत रचना, भाररहित दर्शनी भिंत, लांबलचक खिडकी आणि छपरावरची बाग. पाचवे सूत्र आपल्याकडच्या वाचकाला तसे नवे नाही. मराठवाडा, खानदेश आणि सोलापूर-नगर भागातली माळवदाची किंवा धाब्याची घरे याच तत्त्वावर उभी होती. लाकडी तुळ्या, त्यावर मातीचा जाड थर आणि त्यामुळे भर उन्हाळ्यातही आत गारवा. ल कॉर्बुझिए यांनी हीच युक्ती काँक्रीटवर नेली.

मात्र कल्पना चांगली असली तरी अंमलबजावणी नेहमी चांगली झाली नाही. पॅरिसजवळ प्वासी येथे १९३१ मध्ये पूर्ण झालेला व्हिला साव्होय आज जागतिक वारसा आहे. पण त्यात राहायला गेलेल्या साव्होय कुटुंबाच्या डोक्यावर पावसाचे पाणी गळत होते. मालकीणबाईंनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, प्रकरण कोर्टाच्या उंबरठ्यापर्यंत गेले आणि मग युद्धामुळे थांबले. गच्चीवर बाग करायची तर आधी पाणी अडवण्याचे काम पक्के हवे, हा धडा तेव्हाचाच.

पॅरिसमध्ये नेमकी काय चूक झाली?

१९२९-३० च्या सुमारास ल कॉर्बुझिए यांच्या मनात एक भन्नाट कल्पना घोळत होती. जगातली कुठलीही इमारत, मग ती मॉस्कोत असो वा आफ्रिकेत, आतून कायम १८ अंशांवर ठेवायची. खिडक्या उघडायच्याच नाहीत. काचेच्या दोन भिंतींमधून थंड किंवा गरम हवा खेळवायची आणि आत यंत्राने शुद्ध केलेली हवा पुरवायची. आजच्या काचेच्या वातानुकूलित ऑफिसांचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल.

या कल्पनेचा प्रयोग झाला पॅरिसमधील साल्व्हेशन आर्मीच्या निवारागृहावर. बेघर स्त्री-पुरुष आणि मुलांसाठी बांधलेल्या या इमारतीची दक्षिणेकडची सुमारे १००० चौरस मीटरची भिंत पूर्णपणे काचेची, बंद. उद्‍घाटन झाले डिसेंबर १९३३ मध्ये, ऐन थंडीत. तेव्हा आतली ऊब सगळ्यांना सुखावली. पण बांधकामाच्या पैशांची ओढाताण झाली होती. काचेची दुसरी भिंत आणि हवा थंड करणारी यंत्रणा या दोन्ही गोष्टी बसवल्याच गेल्या नव्हत्या. उन्हाळा आला आणि इमारतीचा काचघर झाला. ऊन आत येत होते, उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती आणि खिडकी उघडण्याची सोय नव्हती.

ज्यांना राहायला दुसरी जागा नव्हती, अशी माणसे त्यात कोंडली गेली. संस्थेने उघडणाऱ्या खिडक्या मागितल्या. ल कॉर्बुझिए यांनी नकार दिला, आपली कल्पना बरोबरच आहे म्हणून ते भांडत राहिले. अखेर १९३५ मध्ये सरकारी यंत्रणेला खिडक्या बसवण्याचा आदेश काढावा लागला. गरीब माणसांच्या निवाऱ्यावर अर्धवट प्रयोग केला गेला आणि त्रास त्यांनीच सोसला. त्यांच्या आयुष्यातले हे प्रकरण म्हणूनच केवळ तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही.

मग ऊन अडवायचे कुठे?

तोंडाने त्यांनी चूक फारशी मान्य केली नाही, पण कागदावरच्या रेषा बदलल्या. १९३० च्या दशकात उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीयर्स शहरासाठी आराखडे करताना त्यांनी काचेच्या बाहेर काँक्रीटच्या खोल चौकटी काढायला सुरुवात केली. ऊन काचेवर पडल्यावर त्याच्याशी झगडण्याऐवजी ते काचेच्या आधीच रोखायचे. फ्रेंचमध्ये या रचनेला ब्रीझ-सोलेइ म्हणतात. सोप्या मराठीत, उन्हाला आडवा येणारा सज्जा.

यात एक साधा हिशेब होता. उन्हाळ्यात सूर्य उंचावर असतो, म्हणून आडवी फळी त्याला अडवते. हिवाळ्यात तो खाली कललेला असतो, म्हणून तीच फळी कोवळे ऊन आत येऊ देते. पूर्व-पश्चिमेला मात्र सूर्य समोरून येतो, तिथे उभ्या किंवा तिरक्या फळ्या लागतात. १९३६ मध्ये ते ब्राझीलला गेले. रिओ द जानेरोतील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीवर लुसिओ कोस्ता, ऑस्कर निमायर आणि इतर तरुण वास्तुकारांनी त्यांच्या सल्ल्याने काम केले. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येते, म्हणून उत्तरेच्या भिंतीवर हलवता येणाऱ्या पट्ट्या बसल्या.

पॅरिसच्या त्या निवारागृहाचे काय झाले? दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने त्याची काच फुटली. नंतरच्या दुरुस्तीत तिथे उघडणाऱ्या खिडक्या आल्या आणि बाहेरून ऊन अडवणाऱ्या चौकटीही.

ल कॉर्बुझिए स्वतः १९३४ पासून अखेरपर्यंत पॅरिसमधील एका इमारतीच्या सर्वांत वरच्या दोन मजल्यांवर राहिले. डोक्यावर छोटी बाग होती. युद्धकाळात ते शहराबाहेर गेले, तेव्हा तिची निगा राखायला कोणी नव्हते. वाऱ्याने आणि पक्ष्यांनी आणलेल्या बियांतून तिथे आपोआप रान उगवले. ते पाहून त्यांनी बाग तशीच वाढू दिली.

भारतात ते कसे आले?

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारताच्या वाट्याच्या पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी केला होता. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांचे १९५० मध्ये विमान अपघातात निधन झाले. मग पी. एन. थापर आणि पी. एल. वर्मा हे दोन अधिकारी नवा वास्तुकार शोधण्यासाठी युरोपला गेले. फेब्रुवारी १९५१ मध्ये ६३ वर्षांचे ल कॉर्बुझिए भारतात आले. सोबत चुलतभाऊ पिएर जानरे, तसेच मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्लिश दाम्पत्य होते.

इथला उन्हाळा युरोपातल्या उन्हाळ्यासारखा नव्हता आणि सगळीकडे यंत्राने थंड हवा पुरवण्याइतका पैसाही नव्हता. मग त्यांच्या पॅरिसच्या कार्यालयात हवामानाचा एक तक्ता तयार झाला. वर्षभराचे तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन त्यात मांडायचे, कुठल्या महिन्यात त्रास होतो ते पाहायचे आणि प्रत्येक त्रासावर बांधकामातलाच उपाय शोधायचा. या कामात पुढे संगीतकार म्हणून नावाजलेले अभियंते यानिस झेनाकिस यांचाही हात होता. सगळ्या जगासाठी एकच १८ अंश मागणारा माणूस आता एकेका गावचे वारे मोजत होता.

अहमदाबादच्या इमारतींत काय वेगळे आहे?

१९५१ मध्येच अहमदाबादच्या गिरणीमालकांनी त्यांना बोलावले. तिथे उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी तीन म्हणजे वरचा मजला थंड ठेवण्याच्या तीन पद्धतीच आहेत.

पहिली, माती आणि गवत. मनोरमा साराभाई यांच्या शाहीबागेतील घरात वाऱ्याच्या दिशेने मांडलेल्या समांतर कमानी आहेत. त्यांच्यावर माती घालून हिरवळ लावलेली आहे. कोर्सोच्या घरातली तीस वर्षांपूर्वीची कल्पना इथे तिच्या खऱ्या उपयोगाच्या जागी पोहोचली. छपरावरून थेट तळ्यात उतरणारी काँक्रीटची घसरगुंडी या घराची ओळख बनली आहे.

दुसरी, छपरावर छप्पर. १९५६ मध्ये पूर्ण झालेल्या शोधन यांच्या घरावर खांबांनी उचललेली मोठी काँक्रीटची छत्री आहे. ती आणि खालच्या गच्च्या यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. ऊन वरच्या छपरावर पडते, मधून वारा वाहतो आणि खोल्यांवरचा स्लॅब सावलीत राहतो.

तिसरी, तिरके सज्जे. साबरमतीच्या काठी १९५४ मध्ये बांधलेल्या गिरणीमालक संघाच्या इमारतीत रस्त्याच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला तिरक्या फळ्या आहेत. दुपारनंतरचे ऊन त्या अडवतात. नदीच्या बाजूने मात्र वारा आत येतो. उत्तर-दक्षिणेच्या भिंती जवळजवळ बंद आहेत.

चंडीगडमध्ये काय झाले?

चंडीगडच्या उच्च न्यायालयावर, ज्याचे उद्‍घाटन १९५५ मध्ये झाले, दुहेरी छप्पर आहे. वरचे छप्पर छत्रीसारखे पसरलेले आणि दोन्हींच्या मधून वाऱ्याला वाट. सरकारी कर्मचाऱ्यांची साधी घरे मात्र मुख्यतः जानरे, फ्राय आणि ड्रू यांनी आखली. तिथे विटांच्या भिंती, लहान खिडक्या, जाळ्या आणि रात्री झोपायला गच्ची असा विचार होता. वरची खोली रात्री तापतेच, तर माणसांनी तापलेल्या स्लॅबच्या खाली नव्हे, वर झोपावे, ही इथल्या लोकांची जुनी रीत त्यांनी स्वीकारली.

पुण्याचा धागा कोणता?

अहमदाबादच्या कामावर देखरेख करायला ल कॉर्बुझिए यांनी पाठवलेला तरुण होता बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, १९२७ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते पॅरिसला त्यांच्या कार्यालयात काम करत होते. पुढे दोशींनी अहमदाबादमध्ये स्वतःचे संगाथ हे कार्यालय १९८० मध्ये पूर्ण केले. अर्धवट जमिनीत उतरलेली इमारत, वर कमानी आणि कमानींवर पांढऱ्या चिनीमातीच्या फुटक्या तुकड्यांची फरशी. पांढरा गुळगुळीत पृष्ठभाग ऊन परत फेकतो, हे गुजरातेत आणि मुंबईत जुन्या गच्च्यांवर दिसणारे ज्ञान गुरूच्या कमानींवर येऊन बसले. २०१८ मध्ये दोशींना प्रिट्झ्कर पुरस्कार मिळाला, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

ल कॉर्बुझिए यांच्यावर आक्षेप काय आहेत?

आक्षेप बरेच आहेत आणि त्यातले काही गंभीर आहेत. १९२५ मध्ये त्यांनी पॅरिसच्या मध्यवस्तीचा मोठा भाग पाडून तिथे उत्तुंग मनोरे उभारण्याची योजना मांडली होती. युद्धकाळात नाझींशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारकडून काम मिळवण्याचे प्रयत्न त्यांनी केले. चंडीगडसाठी अनेक गावे उठवली गेली.

उन्हाच्या बाबतीतही त्यांचे उत्तर पूर्ण नव्हते. काँक्रीटचे जाड सज्जे ऊन अडवतात, पण स्वतः तापतात आणि संध्याकाळी तीच धग इमारतीकडे सोडतात. पातळ लाकडी किंवा बांबूची चटई या कामात कित्येकदा सरस ठरते. न्यायालयात पावसाचा मारा आत येऊ लागला, तेव्हा पुढे झाकलेला व्हरांडा जोडावा लागला.

शेवट कसा झाला?

जगभर मोठमोठ्या इमारती बांधणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तां येथे एक लाकडी खोपटे बांधले होते. लांबी-रुंदी प्रत्येकी ३.६६ मीटर. पत्नी इव्होन यांचे १९५७ मध्ये निधन झाले, तरी उन्हाळ्यात ते तिथे जात राहिले. २७ ऑगस्ट १९६५ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, समुद्रात पोहताना त्यांचा मृत्यू झाला. पॅरिसमध्ये लूव्रच्या चौकात सरकारी इतमामाने निरोप दिल्यानंतर त्यांची रक्षा त्याच किनाऱ्यावर पत्नीशेजारी ठेवण्यात आली. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या १७ वास्तूंना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. चंडीगडचा कॅपिटल परिसर, व्हिला साव्होय, कोर्सोचे ते छोटे घर आणि हे खोपटेही त्यात आहे.

आपल्या गच्चीसाठी यातून काय घ्यावे?

त्यांच्या चुका आणि दुरुस्त्या एकत्र वाचल्या तर उपायांचा क्रम आपोआप लागतो. सर्वांत आधी सावली. गच्चीवर मांडव, बांबूची चटई किंवा शेडनेट बांधली आणि तिच्याखालून वारा वाहू दिला, तर शोधन यांच्या घराची छत्री कमी खर्चात तयार होते. मांडव गच्चीला चिकटवायचा नाही. मधली मोकळी जागाच काम करते.

त्यानंतर पांढरा रंग किंवा चिनीमातीचे तुकडे. चुन्याचा हात उन्हाळ्याआधी दिला तरी फरक जाणवतो, मात्र धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून गच्ची धुवावी लागते. मग पश्चिमेच्या खिडक्या. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन गेलेले असते, म्हणून वाळ्याचा पडदा किंवा चटई बाहेरून हवी. दिवसा खिडक्या बंद ठेवून रात्री समोरासमोरच्या उघडल्या, तर साठलेली उष्णता बाहेर पडते.

माती आणि बाग हा उपाय सर्वांत शेवटी. १५ सेंटीमीटर जाडीची ओली माती एका चौरस मीटरवर साधारण अडीचशे किलोचा भार टाकते. साध्या घराची गच्ची बहुतेक वेळा माणसांच्या वावराचा दीडशे किलोच्या आसपासचा भार धरून आखलेली असते. त्यामुळे अभियंत्याकडून तपासणी आणि पक्के वॉटरप्रूफिंग झाल्याशिवाय गच्चीभर माती टाकू नये. तोवर कुंड्या कडेने, तुळई किंवा भिंतीच्या वर ठेवणे बरे.

साव्होय कुटुंबाच्या घरात पाणी गळाले, निवारागृहातली माणसे उकाड्यात कोंडली गेली, आणि त्यानंतर अहमदाबादच्या छपरांवर गवत, छत्री आणि तिरके सज्जे आले. आपल्याला तेवढी किंमत मोजायची गरज नाही. येत्या उन्हाळ्यात गच्चीवर आधी सावली बांधा, बाकीचे त्यानंतर.